पराभवाचा एक गुण : कबड्डीचा हंगाम आणि संघनिष्ठ प्रेक्षक

खेळाचा सामना पाहणे आणि खेळाचा हंगाम अनुसरणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिलीस एक सायंकाळ पुरते. दुसरीस कित्येक महिन्यांची चिकाटी लागते, आणि त्यांतील बराचसा काळ स्वतःचा संघ हरत असलेला पाहण्यात जातो. इंग्लंड, फ्रान्स, न्यूझीलंड इत्यादी देशांत क्लबच्या रग्बीला असा चिकाटीचा प्रेक्षकवर्ग दीर्घकाळ लाभला आहे. महाराष्ट्रात मात्र १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानासारख्या मोजक्या ठिकाणांपलीकडे हा खेळ जनसामान्यांच्या नित्य परिचयाचा झाला नाही. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बीची व्यावसायिक साखळी स्पर्धा भरली खरी. परंतु ती सात-सात खेळाडूंच्या रग्बीची होती व सुमारे दोन आठवड्यांत आटोपली. प्रदीर्घ हंगामाचा अनुभव मराठी प्रेक्षकास दिला तो प्रामुख्याने कबड्डीने. हा प्रेक्षक नेमके कशाचे अनुसरण करतो, आणि पराभवाचा हिशेब तो कसा मांडतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

या प्रश्नाचा विचार मैदानाच्या कठड्यापाशी उभे राहून करण्यापेक्षा मैदानापासून दूर जाऊन करणे अधिक उद्बोधक ठरते. नंदुरबार जिल्ह्यातील म्हसावद हे गाव त्या दृष्टीने घ्यावे. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याहून तोरणमाळकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव वसलेले आहे. पुणे येथून रस्त्याने चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. येथील प्रेक्षकास व्यावसायिक कबड्डीचा संघ भेटतो तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. मैदानातील गर्दी, ओळखीचा खेळाडू, गल्लीचा अभिमान यांपैकी कोणताही आधार त्याच्या निष्ठेस नसतो. अशा ठिकाणी जी निष्ठा उरते, तिचे घटक तपासणे त्यामुळे सोपे जाते.

कबड्डीचा प्रेक्षक महाराष्ट्रात नवा नाही. हुतूतूला नियमबद्ध रूप देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत महाराष्ट्रात व बडोद्यात झाले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. आणि १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. तथापि या परंपरेतील स्पर्धा बहुधा थोड्या दिवसांच्या असत, व आजही असतात. गावोगावी भरणाऱ्या स्पर्धांत बाद पद्धतीचे प्राबल्य आढळते : जो हरला तो घरी गेला. तेथे प्रेक्षकाची निष्ठा जन्मजात असते, कारण संघ गावाचा किंवा मंडळाचा असतो. परंतु तिची कसोटी अल्पकाळ टिकते. पराभव झाला की स्पर्धा संपते, आणि तिच्याबरोबर तिची चिंताही संपते.

साखळी पद्धतीत याच्या उलट घडते. हरलेल्या संघास चार दिवसांनी पुन्हा खेळावयाचे असते. पराभव हा शेवट न राहता तक्त्यातील एक नोंद बनतो. २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांनिशी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने हा बदल घडवून आणला. २०१७ पासून संघांची संख्या बारा झाली. डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात झालेल्या दहाव्या हंगामात प्रत्येक संघास साखळीत बावीस सामने खेळावे लागले. बावीस सामन्यांचा हिशेब सांभाळणारा प्रेक्षक हा बाद फेरीच्या प्रेक्षकाहून वेगळ्या मनोवृत्तीचा असणे अपरिहार्य होते.

त्या हिशेबाचे गणित येथे पाहणे अगत्याचे आहे. दहाव्या हंगामात विजयास ५, बरोबरीस ३ आणि सात अथवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवास १ असे गुणदान होते. रग्बीच्या अभ्यासकास यातील शेवटचे कलम परिचित वाटेल. न्यूझीलंडच्या प्रांतीय स्पर्धेत १९९५ साली आणि दक्षिण गोलार्धातील ‘सुपर १२’ स्पर्धेत १९९६ साली जी पद्धत रूढ झाली, तिच्यातही विजयास ४ गुण आणि सात अथवा कमी फरकाच्या पराभवास १ गुण मिळतो. रग्बीत सात या संख्येस निश्चित अर्थ आहे. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकविल्याचे ५ व त्यानंतरच्या यशस्वी लाथेचे २, असे मिळून ७ गुण एका आक्रमणातून मिळतात. म्हणजे सातने हरलेला संघ बरोबरीपासून केवळ एका आक्रमणाइतका दूर असतो. कबड्डीत सात गुणांचा असा एका कृतीशी संबंध नाही. पण एक लोण आणि एक-दोन यशस्वी चढाया यांनी हे अंतर तुटू शकते, हे प्रत्येक प्रेक्षक जाणतो. दोन्ही खेळांत या कलमाचा आशय एकच : झुंजीचा पराभव आणि धुव्वा यांत भेद आहे, आणि तो तक्त्यात नोंदला गेला पाहिजे.

दोन्ही पद्धतींत एक महत्त्वाचा फरकही आहे. रग्बीत पराभूताच्या गुणाबरोबरच आक्रमक खेळासाठी आणखी एक अधिक गुण ठेवलेला होता. ‘सुपर १२’ मध्ये चार वेळा चेंडू रेषेपलीकडे टेकविणाऱ्या संघास तो मिळे. कबड्डीच्या तक्त्यात या जोडीतील सांत्वनाचा भाग तेवढा होता, धाडसाचा नव्हता. परिणामी सहा-सात गुणांनी मागे असलेल्या संघास शेवटच्या मिनिटास सामना जिंकण्याची जोखीम घेण्यापेक्षा रिकाम्या चढाया करून फरक राखणे सोयीचे ठरे. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो पुढे पुन्हा विचारात घ्यावा लागेल.

पुणेरी पलटण या संघाचा इतिहास हंगामनिष्ठेच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. २०१४ व २०१५ या पहिल्या दोन्ही हंगामांत हा संघ तक्त्याच्या तळाशी राहिला. १७ डिसेंबर २०२२ रोजी तो प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला आणि जयपूरच्या संघाकडून ३३-२९ असा पराभूत झाला. दहाव्या हंगामात त्याने साखळीतील बावीसपैकी सतरा सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडविले, आणि ९६ गुणांनिशी अग्रस्थान मिळविले. विजयांचे ८५ व बरोबरीचे ९ मिळून ९४ होतात. उरलेले दोन गुण पराभवांचे होत. म्हणजे संपूर्ण साखळीत हा संघ दोनदाच हरला, आणि दोन्ही वेळा सातच्या आत हरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणाच्या संघास २८-२५ असे नमवून त्याने पहिले विजेतेपद मिळविले. २०१४ पासून त्याची पाठराखण करणाऱ्या प्रेक्षकास या क्षणासाठी जवळजवळ दहा वर्षे थांबावे लागले.

मग ही निष्ठा कोणाशी असते? खेळाडूंशी असते असे म्हणावे, तर लिलाव त्यांना स्थिर राहू देत नाही. पलटणच्या विजयातील प्रमुख पकडपटू, इराणचा मोहम्मदरझा शादलुई, पुढच्याच हंगामात हरियाणाकडे गेला. २९ डिसेंबर २०२४ रोजी अकराव्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यात बालेवाडी येथे झाला तेव्हा गतविजेता पुणेरी संघ बाद फेरीतही पोहोचलेला नव्हता. त्याच्याच मैदानावर हरियाणाने पाटण्यास ३२-२३ असे हरविले, आणि शादलुई सलग दुसऱ्यांदा विजेत्या संघात होता. निष्ठा अंतराशी असते असे म्हणावे, तर म्हसावदपासून सरळ रेषेत अहमदाबाद हे पुणे व मुंबई या दोहोंपेक्षा जवळ आहे. त्या न्यायाने तेथील प्रेक्षक गुजरातच्या संघाचा ठरावा. निष्ठा मैदानाशी असते असे म्हणावे, तर २०२५ चा बारावा हंगाम विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई व दिल्ली या चार शहरांतच झाला. पुण्याच्या प्रेक्षकासही त्या वर्षी आपला संघ म्हसावदच्या प्रेक्षकाप्रमाणे पडद्यावरच पाहावा लागला.

खेळाडू, अंतर व मैदान वजा केल्यावर दोन गोष्टी उरतात : संघाच्या नावातून व्यक्त होणारी भाषिक-प्रादेशिक ओळख, आणि वर्षानुवर्षे साठत गेलेला हिशेब. पहिली गोष्ट प्रेक्षकास संघाकडे आणते. दुसरी त्यास तेथे टिकवून धरते. ज्याने तळाचे दोन हंगाम पाहिले, त्याच्या दृष्टीने २०२४ चे विजेतेपद ही स्वतःच्या सोसण्याची परतफेड असते. नवागत प्रेक्षकास तोच सामना तितकाच चुरशीचा वाटेल, पण तितका मोलाचा वाटणार नाही.

याच कारणास्तव २०२५ साली झालेला नियमबदल विचारार्ह ठरतो. बाराव्या हंगामात विजयास २ गुण आणि पराभवास शून्य अशी सरळ व्यवस्था आली. बरोबरीत सुटणाऱ्या सामन्यांचा निकाल प्रत्येकी पाच चढायांनी, व गरज पडल्यास सुवर्ण चढाईने, लावण्यात आला. पराभवाचा एक गुण तक्त्यातून गेला. यामुळे अग्रस्थानांच्या क्रमात मोठी उलथापालथ होते असे नाही. दहाव्या हंगामात जयपूरचे ९२ गुण सोळा विजयांसह होते. केवळ विजय मोजले असते तरी सतरा विजयांचा पुणेरी संघच पुढे राहिला असता. शिवाय फरक राखण्यासाठी रिकाम्या चढाया करण्याचा मोहही नाहीसा झाला, हा या बदलाचा निःसंशय लाभ होय.

हानी आहे ती अन्यत्र. नऊ गुणांनी मागे पडलेल्या संघाच्या शेवटच्या दोन मिनिटांस पूर्वी अर्थ होता. जिंकणे अशक्य असले तरी फरक सातवर आणणे शक्य होते, आणि त्या एका गुणासाठी प्रेक्षक पडद्यासमोरून उठत नसे. आता त्याच्या उठण्यास कारण मिळाले आहे. त्या हंगामाची अखेरही या दृष्टीने लक्षणीय ठरली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. अंतिम सामन्याच्या पराभवास जुन्या व्यवस्थेतही गुण नव्हताच. परंतु तीन गुणांनी हरणे आणि वीस गुणांनी हरणे यांतील भेद, जो पूर्वी साखळीचा तक्ता जपत असे, तो आता केवळ प्रेक्षकाच्या स्मरणात उरला आहे.

त्यावरून एक निष्कर्ष निघतो. हंगामाचा तक्ता हे केवळ क्रम लावण्याचे साधन नसून प्रेक्षकाच्या सहनशीलतेस आकार देणारी ती एक संस्था असते. तिच्यातील कलमे बदलली की खेळाडूंच्या डावपेचांबरोबर पाहणाऱ्याची वृत्तीही बदलण्याचा संभव असतो. हा बदल प्रत्यक्ष कितपत झाला, हे पाहण्यासाठी क्रीडांगणावरील गर्दी मोजून भागणार नाही. म्हसावदसारख्या गावी, सामना हातचा गेल्यानंतरच्या शेवटच्या दोन मिनिटांत पडद्यासमोर किती माणसे बसून राहतात, हेच त्याचे खरे माप ठरेल.