विभागीय संघाची निवड आणि उशिरा वाढणारे मूल

कोल्हापूर शहरात फुटबॉलचा संघ म्हटला की त्याच्या पाठीमागे बहुधा एखादी तालीम असावयाचीच. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही संघांची नावे कुस्तीच्या हौद्याशी असलेले आपले नाते लपवीत नाहीत. १९४० साली, संस्थानी अमदानीत स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या विद्यमाने छत्रपती शाहू स्टेडियमवर या संघांचे सामने होतात, आणि सारी पेठ ते पाहावयास लोटते. अशा पेठेतील मुलास खेळाडू म्हणून कोणी हुडकून काढावे लागत नाही. थोरांचा खेळ तो लहानपणापासून पाहत असतो, गल्लीत चेंडू खेळतो, आणि त्याच्या पायात काही गुण असल्यास तालमीतील जाणत्या मंडळींच्या नजरेस तो आपोआप येतो.

राधानगरी, भुदरगड, चंदगड अथवा गगनबावडा या तालुक्यांतील वाडीवस्तीवरच्या मुलामुलींची गोष्ट निराळी आहे. तेथे तालीम असली तरी फुटबॉलचा संघ क्वचितच असतो. मुलाचा खेळ पाहणारा पहिला जाणता मनुष्य म्हणजे शाळेचा शिक्षक होय. शालेय स्पर्धांची वाट तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी पायरीपायरीने वर जाते व १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तिचे वयोगट ठरलेले आहेत. वरच्या पायऱ्यांवर निवड समिती असते, प्रशिक्षक असतो, मोजमापे असतात. पहिल्या पायरीवर एकटा शिक्षक असतो, आणि त्याने जे मूल तालुक्यास नेले नाही ते विभागीय संघाच्या निवडीपर्यंत पोहोचण्याचा संभव फार थोडा.

शिक्षक हे मूल कशावरून निवडतो? पुष्कळदा उंचीवरून आणि जोरावरून. दिसावयास हे रास्तच दिसते. तथापि यात एक मोठी चूक दडलेली आहे, आणि ती प्रथम उघडकीस आली ती दूर कॅनडात, बर्फावरील हॉकीच्या खेळात. रॉजर बार्नस्ले नावाच्या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली असे दाखवून दिले की, तेथील निवडक किशोर संघांत जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेल्या मुलांची संख्या वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. जानेवारीत जन्मलेल्यांना काही जन्मजात वरदान असते असे नव्हे. वयोगटाची गणना तेथे १ जानेवारीपासून होते, म्हणून जानेवारीतला मुलगा आणि डिसेंबरातला मुलगा एकाच गटात खेळतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे उंचीत, वजनात आणि समजुतीत दिसून येण्याजोगा फरक. थोरला मुलगा निवडला जातो. निवडला गेल्यामुळे त्यास चांगला प्रशिक्षक व अधिक सामने मिळतात. दोन वर्षांनी तो खरोखरीच सरस झालेला असतो, आणि निवड करणाऱ्यास आपली पारख अचूक ठरली असे वाटते. धाकटा मुलगा तोवर खेळ सोडून गेलेला असतो.

आपल्याकडील शालेय स्पर्धांतही वय १ जानेवारीच्या हिशेबानेच धरले जाते, म्हणून हा दोष आपल्या संघांतही शिरू शकतो. शिवाय आपल्याकडे त्यास आणखी एक जोड आहे, आणि ती शाळेच्या दप्तरातून आलेली आहे. जन्मनोंदीचा दाखला नसला की प्रवेशाच्या वेळी १ जून ही जन्मतारीख लिहून मोकळे व्हावे अशी रीत खेड्यांत दीर्घकाळ होती; महाराष्ट्रातील एका सबंध पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला व पुढे नोंदी सुधारत गेल्या. पण खेळासाठी वय एक-दोन वर्षांनी कमी दाखविण्याचा मोह मात्र काही ठिकाणी अजून सुटलेला नाही. पंधरा वर्षांचा मुलगा चौदाच्या आत खेळला की संघास ढाल मिळते खरी. परंतु ज्या तेरा वर्षांच्या मुलाची जागा त्याने घेतली त्याचे नुकसान कोणत्याच कागदावर उमटत नाही. आणि त्या मोठ्या मुलाचे तरी हित कोठे होते? फुटबॉलच्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत २००९ पासून मनगटाच्या हाडांची तपासणी होते. खोटे वय तेथे उघडे पडते, आणि तोवर योग्य गटात खेळून शिकण्याची वर्षे निघून गेलेली असतात.

तारीख खरी असली तरीही एक प्रश्न उरतोच. एकाच महिन्यात जन्मलेली दोन मुले सारखी वाढतात असे नाही. मुलींची उंची बहुधा अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, तर मुलांची तेरा-चौदाच्या सुमारास झपाट्याने वाढते. परंतु कोणाचा हा काळ दोन वर्षे आधी येतो, कोणाचा दोन वर्षे मागाहून. या काळात मुलगा वर्षात नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. त्याचे हातपाय लांबतात, तोल बिघडतो, कालपर्यंत नेमका लागणारा चेंडू आज चुकतो; टाच व गुडघा दुखू लागतो. पुष्कळ शिक्षक यास आळस समजून अधिक धावावयास लावतात. वास्तविक त्या महिन्यांत उड्या व दमछाक कमी करून चेंडूवरील ताब्याचा सराव चालू ठेवणे हेच योग्य होय.

या अडचणीवर इतर देशांनी निरनिराळे उपाय योजले आहेत. बेल्जियममध्ये उशिरा वाढणाऱ्या फुटबॉलपटूंसाठी मुख्य किशोर संघाबरोबर दुसरा संघ ठेवण्यात आला. इंग्लंडमध्ये काही सामने वयाऐवजी शारीरिक वाढीप्रमाणे गट पाडून खेळविण्यात आले. आपल्या दोनशिक्षकी शाळेस यांपैकी काही जमणार नाही. मात्र शाळेच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा करून जून व जानेवारी महिन्यांत प्रत्येक मुलाची उंची टिपून ठेवणे सहज जमण्यासारखे आहे. ती वही जवळ असली म्हणजे कोणते मूल वाढून गेले आहे आणि कोणाची वाढ अजून यावयाची आहे, हे निवडीच्या वेळी कळते. संघ घेऊन जाताना दोन जागा तरी अशा लहानखोर मुलांसाठी ठेवाव्यात, ज्यांना चेंडू कोठे येणार हे आधी समजते. सामना हरण्याचा धोका त्यात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

खेळ कोणता, हेही लवकर ठरविण्याची घाई नको. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे हे शिक्षकाचेच चिरंजीव. २००९ साली वडिलांनी त्यांना राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल केले. तेथे आधी वर्षभर सर्वसाधारण शारीरिक शिक्षण झाले व त्यानंतर नेमबाजी हा खेळ निवडण्यात आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकी येथील कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. फुटबॉलमध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव हाही क्रीडा प्रबोधिनीच्याच वाटेने पुढे गेला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत देशाकडून खेळला. दोन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही; पण प्रबोधिनीच्या चाचण्यांत उंची व वजनाबरोबर धाव, उडी, चेंडूफेक व अंगाची लवचिकता हीही पाहिली जातात, आणि त्यांची तयारी कोणत्याही शाळेच्या पटांगणात होऊ शकते. गगनबावड्याकडील पावसात पटांगण चार महिने चिखलात असते. तेथे व्हरांड्यातील दोरीवरच्या उड्या त्या दिवसांत पुरेत.

राहता राहिला प्रश्न वहीचा. मूल प्राथमिक शाळा सोडून माध्यमिक शाळेत जाते तेव्हा दाखल्याबरोबर त्याच्या उंचीच्या नोंदींची एक नक्कल आणि 'वाढ अजून यावयाची आहे, खेळ पाहावा' एवढी एक ओळ तेथील क्रीडाशिक्षकांकडे पाठवावी. त्यास अर्धा कागद लागतो.