‘डिअर सर’ लिहायला कशाला लाजायचं?

‘‘अगं, तुला इंग्रजी येतं ना? एवढं पत्र बघ बरं.’’ ऐन चहाच्या वेळी शेजारच्या काकू दारात उभ्या. हातात कागदांची पिशवी. काका जाऊन आठ महिने झाले होते. नोकरीची शेवटची वर्षं ते हैदराबादला होते आणि तिथल्याच एका बँकेत त्यांची मुदत ठेव होती. नॉमिनी म्हणून काकूंचंच नाव. तरी पत्र पाठवून तीन महिने झाले, उत्तर नाही.

कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याने लिहून दिलेलं ते पत्र चांगलं दीड पान होतं. सुरुवात ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ने. मग काकांचा आजार, काकूंचं एकटेपण. शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. नव्हता तो फक्त ठेवीच्या पावतीचा नंबर! आणि तारीखही नव्हती.

मी काही वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काम केलंय. तिथला माणूस आधी विषय बघतो. विषयच नसेल तर पत्र कुठल्या टेबलावर पाठवायचं हेच त्याला कळत नाही. मग ते पडून राहतं. आपल्याला वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं म्हणून काम अडलं. तसं नसतं हो!

खरं तर पत्राचा साचा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. वडिलांना ‘तीर्थरूप’, साहेबांना ‘महोदय’ आणि शेवटी ‘आपली विश्वासू’. इंग्रजीतही तेच. वर आपला पत्ता आणि तारीख. महिना अक्षरात लिहावा, म्हणजे घोटाळा होत नाही. मग ‘द ब्रँच मॅनेजर’ आणि शाखेचा पूर्ण पत्ता. इथे माणसाचं नाव नको, हुद्दा हवा. माणसाची बदली होते, खुर्ची तिथेच राहते.

आता मायना. ‘‘परक्या माणसाला डिअर कसं लिहू?’’ काकू चक्क लाजल्या. अहो, इथे ‘डिअर’ म्हणजे प्रिय नव्हे, ती नुसती रीत आहे. साहेब की बाई ठाऊक नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ लिहावं. अशा पत्राचा शेवट ‘युवर्स फेथफुली’ने करायचा. नावाने लिहिलं असेल, तर आडनाव घालायचं आणि शेवटी ‘युवर्स सिन्सिअरली’. ‘युवर्स’च्या ‘एस’आधी वरचा स्वल्पविराम मात्र द्यायचा नाही. ही चूक भल्याभल्यांची होते.

मायन्याखाली एका ओळीत विषय. त्यातच खातं किंवा पावतीचा नंबर. मग पत्र. आम्ही मिळून लिहिलं ते एवढंच : ‘आय अॅम द नॉमिनी फॉर द अबव्ह डिपॉझिट. माय हजबंड डाइड ऑन...’ पुढे तारीख. ‘आय एन्क्लोज द क्लेम फॉर्म अँड डॉक्युमेंट्स. प्लीज पे द अमाउंट इन्टू माय अकाउंट.’ पुढे काकूंचा खाते नंबर. संपलं! ‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं, ते आपणच सांगायचं असतं.

सहीखाली पूर्ण नाव लिहावं, तेही बँकेत नोंदवलंय तसंच. लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे असलं, की बायकांची कामं हमखास अडतात. तळाशी सोबतच्या कागदांची यादी. मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रतच पाठवावी, मूळ कागद पोस्टाने धाडू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. हाती दिलं तर त्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख मागून घ्यावी. स्पीड पोस्टने पाठवलं तर पावती जपावी. नॉमिनी असेल तर दावा आणि कागद पोचल्यापासून १५ दिवसांत बँकेने तो निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पण पत्रावर तारीख नसेल आणि हातात पोच नसेल, तर हे दिवस मोजणार कुठून?

गावातल्या शाखेत मराठीतून खुशाल लिहा. पण पत्र परराज्यात जाणार असेल, तेव्हा हा एक साचा वहीत उतरवून ठेवायला काय हरकत आहे?

काकूंचे पैसे महिन्याभरात जमा झाले. परवा त्या पुन्हा आल्या. काकांच्या विमा कंपनीला पत्र लिहायचं होतं. ते त्यांनी स्वतःच लिहून आणलं होतं. मायना होता ‘डिअर मॅडम’. मी विचारलं, ‘‘मॅडमच कशावरून?’’

काकू हसल्या, ‘‘फोन करून विचारलं. साहेबाच्या खुर्चीत बाईच बसते तिथे!’’