बिट्टीची ओळख : एका लक्षणावर विसंबण्याचा धोका

अनोळखी झाड विषारी आहे की नाही हे ठरविण्याचे जे आडाखे घरोघरी रूढ आहेत, ते बहुधा एखाद्याच लक्षणावर उभे असतात. ते किती तोकडे पडतात हे महाराष्ट्रात कुंपणाला आणि देवळांच्या आवारात सर्रास दिसणाऱ्या बिट्टीच्या, म्हणजेच पिवळ्या कण्हेरीच्या, उदाहरणावरून कळते.

पाखरांनी खाल्लेले फळ माणसालाही चालते, हा त्यांतील सर्वांत घातक समज होय. बिट्टीचे पिकल्यावर काळे पडणारे फळ कोकीळ आणि बुलबुल खातात व त्यांना काही होत नाही. परंतु त्या फळाच्या टणक आठळीतील बियांत थेवेटिनसारखी हृद्‌ग्लायकोसाइडे, म्हणजे हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियमची ने-आण रोखणारी शर्करायुक्त संयुगे, असतात आणि त्यांमुळे माणसाच्या हृदयाचे ठोके मंदावून अनियमित होतात. लिनीयसने १७५३ साली या झाडाला जे नाव दिले, त्यातील ‘सर्बेरा’ हा शब्द ग्रीक पुराणातील पाताळाच्या राखणदार कुत्र्यावरून आलेला आहे, हे इथे उगाच आठवत नाही.

विष कडूच लागते, हा समजही असाच फसवा आहे. कुंपणाला लावल्या जाणाऱ्या मोगली एरंडाची बी चवीला बरी लागते, म्हणूनच मुले ती खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. पांढरा चीक निघाला की झाड विषारी, असे म्हणावे तर वड, फणस आणि चिकू यांनाही चीक असतो. उलट काजऱ्याला दुधी चीक नसूनही त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष असते.

झाडाची खरी ओळख अनेक लक्षणे एकत्र पाहूनच पटते. बिट्टी आणि कण्हेर एकच, असे अनेकांना वाटते. वस्तुतः बिट्टीची अरुंद, तकतकीत पाने फांदीवर एकाआड एक येतात, तर कण्हेरीची जाडसर पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात, म्हणजे एकाच पेरावर वर्तुळाकार, असतात. बिट्टीचे फूल पिवळे वा नारिंगी, घंटेसारखे असून फळ गरयुक्त व कोनदार असते, तर कण्हेरीला लांबट शेंगांसारखी फळे धरतात व त्यांतील बिया केसाळ असतात. अर्थात कण्हेरही विषारीच आहे, आणि दोन्हींची पाने वाळल्याने वा उकळल्याने निर्धोक होत नाहीत.

बी पोटात गेल्याची शंका आल्यास मीठ-पाणी पाजून उलटी करविणे टाळावे, आणि लक्षणे काही तासांनीही दिसू शकत असल्यामुळे रुग्ण बरा वाटत असला तरी त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. सोबत पाने, फूल व फळ असलेली फांदी पिशवीत घालून नेल्यास डॉक्टरांना झाड ओळखणे सोपे जाते.