खोळी शिवणाऱ्या भगिनी आणि चिंधीचा बाजार

घरात कमावते कोण, असे मोहल्ल्यात विचारले तर बापाचे आणि भावांचे नाव सांगितले जाते. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या भगिनीचे नाव येत नाही. ती 'फावल्या वेळात थोडेफार करते'.

अहमदाबादच्या दर्यापूर भागात पुष्कळ मुस्लिम भगिनी गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवीत. चिंधी व्यापारी देई, तयार खोळ तोच घेई आणि दरही तोच ठरवी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या भगिनींनी इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेच्या मदतीने मजुरीत वाढ मागितली. वाढ कबूल झाली, पण पुढे त्यांना चिंधी मिळणेच बंद झाले. तेव्हा 'सेवा'ने थेट गिरण्यांकडून चिंधी मिळविली आणि त्यातून 'सबीना' ही सहकारी संस्था उभी राहिली.

या भगिनींना शिवणकाम कोणी शिकवावे लागले नाही. काम अडले ते माल कोठून आणावा आणि कोठे विकावा, येथे. ही माहिती शिवणवर्गात मिळत नाही. ती व्यापाऱ्याजवळ असते. म्हणजे आपल्याजवळ. (या हकिगतीतील व्यापाऱ्यासारखे आपल्यातही काही असतील, हे लिहिताना संकोच वाटतो.)

जकातीतून शिलाई मशीन देण्याची आपल्याकडे रीत आहे. रीत चांगली, परंतु मशीनबरोबर ठोक बाजाराची ओळख करून दिली नाही तर त्या भगिनीला पुन्हा दुसऱ्याच्या दरानेच शिवावे लागते. तिला एकदा ठोक दुकानात न्यावे, दुकानदाराशी तिच्या नावाने ओळख करून द्यावी. दोरा, वीज, मशीनची दुरुस्ती आणि तिची स्वतःची मजुरी धरून नगाची किंमत कशी काढतात, ते वहीत मांडून दाखवावे. मजुरी धरायची असते, हेच बहुतेकींना कोणी सांगितलेले नसते. व्याजाचे कर्ज नको असेल तर माल उधारीवर द्यावा, किंवा नफ्याचा वाटा आधी ठरवून भांडवल घालावे. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल सीरियाला जाई तो त्यांच्याच हिशोबाने. त्यांच्या वतीने तो घेऊन जाणाऱ्यांत स्वतः प्रेषित (स.) होते.

आपल्या व्यापारी मंडळात नगाचे दर ठरतात तेव्हा शिवणाऱ्यांपैकी दोघींना तरी बोलवावे आणि ठरलेला दर कार्डावर लिहून द्यावा.

खाते व कागदपत्रे तिच्याच नावाची हवीत. १९७४ मध्ये सुमारे चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भाग घालून 'सेवा बँक' काढली. सही न येणाऱ्या खातेदार स्त्रीची ओळख तेथे फोटोवरून पटविली जाई. आज बँक खाते सहज निघते, पण दुकानाचा परवाना अजून भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतो. जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी मालकाच्या आधार क्रमांकावर होते. तेव्हा आधार तिचाच द्यावा. या नोंदणीला शुल्क नाही. कोणी सरकारी फी म्हणून पैसे मागितले तर देऊ नयेत.