छत आपले, लादी शेजाऱ्याची
घरभर संगीत हवे असेल तर फॉल्स सीलिंग बंद होण्यापूर्वीच विचार करायला हवा

कोपर स्थानकाच्या आसपास राहणाऱ्यांना आवाजाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. येथे खालून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जातो आणि त्याच्या डोक्यावरून दिवा-वसई मार्ग. पहाटेच्या पहिल्या लोकलपासून मध्यरात्रीनंतरच्या शेवटच्या लोकलपर्यंत भोंगे, उद्घोषणा आणि रुळांचा खडखडाट यांची सोबत सुटत नाही. अशा वस्तीत नवा फ्लॅट घेणारा गृहस्थ अंतर्गत सजावटीच्या वेळी छतात स्पीकर बसवून घेण्याचा विचार करतो तेव्हा साहजिकच त्याच्या मनात असते ते बाहेरच्या गोंगाटावर मात करण्याचे. नेमकी येथेच चूक होते. घरभर विखुरलेल्या स्पीकरांचा खरा उपयोग आवाज वाढविण्यासाठी नसून तो कमी ठेवता यावा यासाठी आहे.

एकच मोठा स्पीकर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता गाणे ऐकायचे म्हटले, तर दिवाणखान्यात बसलेल्याचे कान किटतील इतका आवाज चढवावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे ती थोडी कमी उतरते, पण मधल्या भिंती आणि दारे आपला वाटा घेतातच. याउलट ऐकणाऱ्याच्या डोक्यावर साडेचार-पाच फुटांवर छोटा स्पीकर असेल तर बोलण्याइतका आवाज पुरतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती एका वॉटच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. दुकानात 'इतक्या शेकडो वॉटचा' अॅम्प्लिफायर कौतुकाने दाखविला जातो, तेव्हा हे गणित आठवावे.

फुटपट्टी आधी, खरेदी नंतर

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट असावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बिल्डर त्याच्या फारसा पुढे जात नाही. जिप्सम बोर्डाचे छत अर्धा फूट खाली आले की उरतात साडेआठ फूट. छतात बसणाऱ्या सर्वसाधारण स्पीकरला तीन ते साडेचार इंच खोली लागते. म्हणजे बोर्ड आणि स्लॅब यांतील पोकळी त्याहून अधिक हवी. सुताराने आधीच तीन इंचांवर चौकट टांगली असेल तर पुढचे सारे बोलणेच खुंटते.

स्पीकर किती हवेत, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. बहुतेक स्पीकर स्वच्छ आवाज साधारण ९० अंशांच्या शंकूत फेकतात. छताच्या उंचीतून बसलेल्या माणसाच्या कानाची उंची वजा करावी आणि उत्तराची दुप्पट करावी. साडेआठ फुटांतून चार फूट गेले, उरले साडेचार. म्हणजे एका स्पीकरखाली नऊ फूट व्यासाचे वर्तुळ नीट ऐकू येते. दहा बाय सोळाच्या दिवाणखान्यात दोन स्पीकर पुरतात. दोन्ही मधल्या रेषेवर, टोकाच्या भिंतींपासून चार-चार फुटांवर आणि एकमेकांपासून आठ फुटांवर बसवावेत. योगायोगाने पंख्याचा हूकही याच रेषेच्या मध्यावर असतो, त्यामुळे ४८ इंची पंख्याचे पाते स्पीकरपासून दोन फूट दूर राहते. पाते स्पीकरच्या खालून फिरले तर गायकाचा सूर उगाचच थरथरतो. आपल्याकडे पंख्याशिवाय घर चालत नाही, आणि परदेशी माहितीपत्रकांतील नकाशांत पंखा बहुधा नसतोच, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

दूरचित्रवाणीचा आवाज मात्र छतातून घेऊ नये. पडद्यावरचा माणूस समोर बोलतो आणि शब्द डोक्यावरून येतात, हे काही मिनिटांतच खटकू लागते. डॉल्बी अॅटमॉस हे तंत्र २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि दोन वर्षांनी घरांत आले. त्यात छतातील स्पीकर आहेत हे खरे. परंतु तेथेही संवाद समोरच्या, कानाच्या उंचीवरच्या स्पीकरांतूनच येतात.

विभाग म्हणजे खोल्या नव्हेत

'झोन' हा शब्द आता विक्रेत्यांच्या तोंडी रुळला आहे. त्याचा साधा अर्थ असा, की ज्या जागेत काय वाजावे, किती मोठ्याने वाजावे आणि केव्हा बंद व्हावे हे स्वतंत्रपणे ठरवता येते, तो एक विभाग. म्हणून खोल्या मोजण्याऐवजी घरातील माणसांचा दिवस मोजावा. सकाळी सहाला आजींना भक्तिगीते किंवा विविध भारती हवी असते, त्याच वेळी रात्रपाळीहून आलेला मुलगा झोपलेला असतो आणि नात दहावीच्या अभ्यासाला बसलेली असते. दोन शयनगृहांच्या घरात दिवाणखाना व स्वयंपाकघर हे दोन विभाग बहुतेकांना पुरतात. शयनगृहात, विशेषतः पलंगाच्या बरोबर वर, छतात स्पीकर नसावा असेच प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. उशाशी ठेवलेला लहान स्पीकर तेथे अधिक सोयीचा, आणि वरच्यांनाही.

स्वयंपाकघरात एकच स्पीकर असावा, शेगडी व चिमणीपासून दूर. त्याची स्वतंत्र कळ दाराजवळ, हात ओले असताना कोपराने फिरवता येईल अशी असावी. मिक्सर लागला की गाणे त्याच्याशी स्पर्धा करू लागते. त्या दोन मिनिटांत आवाज वाढविण्यापेक्षा थांबणे बरे.

एकच गाणे दोन्ही विभागांत वाजवायचे असेल तर आणखी एक अडचण उभी राहते. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे एक फूट जातो. मागून आलेला तोच आवाज साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर कान दोन्ही एकच मानतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात हा परिणाम मोजला होता. विलंब त्याहून बराच वाढला की शब्द दुहेरी ऐकू येतात. ब्लूटूथचा विलंब अनेकदा १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. त्यामुळे एका खोलीत तारेवर आणि दुसऱ्या खोलीत ब्लूटूथवर असा संसार थाटल्यास मधल्या पॅसेजमध्ये उभे राहणे नकोसे होते. दोन्ही विभाग एकाच अॅम्प्लिफायरवर तारेने जोडावेत, किंवा आपसांत वेळ जुळवून घेणारी एकाच बनावटीची यंत्रणा घ्यावी.

तारेवर मात्र पैसे उधळण्याचे कारण नाही. १० मीटर अंतरासाठी १.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार पुरते. जाण्या-येण्याचा तिचा रोध पाव ओहमच्याही आत राहतो. ती विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये, स्वतंत्र पाइप घालावा आणि दोहोंत फूटभर अंतर ठेवावे. त्याच वेळी एक नेटवर्क केबलही टाकून ठेवावी. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार चार ओहमचा होतो, चार जोडले की दोन ओहमचा. बहुतेक घरगुती अॅम्प्लिफायर चार ओहमच्या खाली तापतात आणि बंद पडतात. इलेक्ट्रिशियनला दिव्यांची जोडणी तोंडपाठ असते, हे गणित असेलच असे नाही. ते त्याला लिहूनच द्यावे.

वरच्या मजल्यावर काय ऐकू येते?

खरा प्रश्न पुढेच आहे. बंगल्याचे छत आपले असते. फ्लॅटमध्ये आपल्या छतावर दुसऱ्याची लादी असते. काँक्रीटचा स्लॅब बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवतो, पण ढोलकी, तबल्याचा बायाँ किंवा चित्रपटांतील धडाड् हा खालच्या पट्टीतला आवाज त्याला फारसा जुमानत नाही. त्यातून स्पीकरची थरथर बोर्डाला, बोर्डाची चौकटीला आणि चौकटीची स्लॅबला लागली की वरच्या घरात पाटावर बसलेल्याला ती पायांतून कळते. यावर उपाय आहेत. स्पीकरच्या मागे बंद खोका आणि रॉकवूल, चौकट जेथे स्लॅबला टांगली जाते तेथे रबराच्या चकत्या, आणि अॅम्प्लिफायरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचा आवाज छताकडे जाऊ न देण्याची सोय. सबवूफर जमिनीवर ठेवला तर तक्रार खालच्या मजल्यावरून येते, इतकाच फरक.

कायदाही येथे गप्प नाही. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक चढता कामा नये, अशी तरतूद आहे. रेल्वेचा गोंगाट आधीच आहे म्हणून आपल्याला सूट मिळते, असे त्यात कोठेही नाही.

गळतीचाही विचार करावा. वरच्या न्हाणीघराखाली स्पीकर लावू नये, आणि जुन्या इमारतीत एक पावसाळा छत पाहून मगच जिप्सम चढवावे. पुढे ओल दिसलीच, तर स्पीकर उतरवून त्याच्या भोकातून हात घालता येतो व स्लॅब तपासता येतो. घरमालकांना हा फायदा कोणी सांगत नाही.

स्पीकरची आठवण बहुतेक घरांत बोर्ड लागून, लांबी फिरून, पहिला रंग दिल्यावर निघते. त्याऐवजी चौकट उभी राहिली की बोर्डाच्या एका तुकड्यात स्पीकर बसवून तो नियोजित जागी चौकटीला घट्ट जोडावा आणि रात्री दहाच्या सुमारास, रोज ऐकाल तितक्याच आवाजात लावावा. मग वरच्या काकांकडे जावे, त्यांच्या शयनगृहात पाच मिनिटे बसावे आणि घरच्यांना फोनवरून आवाज हळूहळू उतरवायला सांगावे. काका "आता नाही ऐकू येत" म्हणतील तेथे कळीवर खूण करून ठेवावी, आणि जिप्समवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवावे.