समजून घ्या : बाळंतपणात सोबत कोण असणार? ‘बर्थ प्लॅन’ कशासाठी आणि त्यात काय लिहायचं?

डोहाळजेवण होतं, दुपटी-झबली येतात, दवाखान्याची बॅग भरून दाराशी ठेवली जाते. पण कळा सुरू झाल्यावर लेबर रूममध्ये आपल्याजवळ कोण थांबणार, हा प्रश्न अनेक घरांत शेवटपर्यंत विचारलाच जात नाही. ‘ते डॉक्टर बघतील’ असं म्हणून विषय संपतो. ‘बर्थ प्लॅन’मध्ये या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवून लिहून ठेवता येतं.

बर्थ प्लॅन म्हणजे नेमकं काय?

बाळंतपणाच्या वेळी आपल्याला काय हवं, काय नको आणि अडचण आली तर निर्णय कसा घ्यायचा, हे डॉक्टरांशी बोलून लिहिलेला एक पानाचा कागद. अमेरिकेत पेनी सिमकिन आणि कार्ला राइन्के यांनी १९८० मध्ये ही कल्पना मांडली. हा करार नाही किंवा डॉक्टरांवर दाखवलेला अविश्वासही नाही. कळा सोसत असताना नीट बोलणं, समजावून सांगणं जमत नाही, म्हणून ते आधीच बोलून घ्यायचं, इतकंच.

सोबत असल्यानं खरंच फरक पडतो का?

पूर्वी घरी बाळंतपण होई तेव्हा आई, मावशी, सुईण अशी माणसं भोवती असत, पण गुंतागुंत झाली तर हाताशी इलाज नसे. आज चित्र पालटलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं आरोग्य संस्थांमध्ये झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे. बाळंतपण सुरक्षित झालं, पण सोबतीची माणसं लेबर रूमच्या दाराबाहेर राहिली.

या सोबतीचा वैद्यकीय फायदाही मोजला गेला आहे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या २६ चाचण्यांची, म्हणजे १५,८५८ महिलांची माहिती तपासली गेली. ज्यांच्याजवळ कळांच्या काळात सतत कुणीतरी होतं, त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त आणि सिझेरियनचं कमी आढळलं. कळांचा काळ सरासरी सुमारे ४० मिनिटांनी कमी होता आणि बाळंतपणाबद्दल कटू भावनाही कमी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींमध्येही महिलेनं स्वतः निवडलेली सोबत असावी, असं म्हटलं आहे.

सरकारी रुग्णालयात कुणाला आत थांबता येतं?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी आरोग्य संस्थांमध्ये ‘बर्थ कंपॅनियन’ला मान्यता दिली. त्यासाठीच्या मुख्य अटी अशा :

- सोबतीण महिला नातेवाईक असावी. तिनं स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असेल तर उत्तम.
- तिला संसर्गजन्य आजार नसावा आणि कपडे स्वच्छ असावेत.
- तिनं पूर्ण वेळ थांबावं, कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये.
- जिथे लेबर रूममध्ये खासगीपणा जपण्याची सोय आहे, तिथे पतीलाही परवानगी देता येते.

शेवटच्या अटीचं कारण उघड आहे. एका खोलीत शेजारी-शेजारी खाटा असतील, तर तुमच्या पतीच्या सोबतीमुळे दुसरीची कुचंबणा होते. या अटींमध्ये मैत्रिणीचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे मैत्रीण थांबणार असेल, तर आधीच विचारून घ्या. खासगी रुग्णालयांचे नियम वेगवेगळे असतात. तिथे नाव नोंदवतानाच विचारा.

मग प्लॅनमध्ये काय लिहायचं?

आठव्या महिन्याच्या सुमारास डॉक्टरांसमोर बसून हे मुद्दे बोलून घ्या :

- सोबत : पहिलं नाव आणि ती व्यक्ती पोहोचली नाही तर दुसरं नाव. दोघींचे फोन नंबर.
- प्रवास : रात्री-अपरात्री गाडी कुणाची? १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह आहेत का?
- कळांच्या काळात : फिरता येईल का, पाणी किंवा हलकं खाणं चालेल का? धोका नसलेल्या बाळंतपणात जागतिक आरोग्य संघटनेची या दोन्हींना हरकत नाही. वेदना कमी करण्यासाठी एपिड्युरलची सोय आहे का?
- छेद आणि टाके : सरसकट प्रत्येकीला छेद द्यावा, अशी शिफारस नाही. तुमच्या डॉक्टरांची पद्धत काय आहे, ते विचारा.
- जन्मानंतर : बाळ ठीक असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापणं, बाळाला आईच्या छातीवर ठेवणं आणि पहिल्या तासात स्तनपान.
- वैद्यकीय माहिती : रक्तगट, ॲलर्जी, बीपी, मधुमेह, आधीचं सिझर.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके, यांपैकी काहीही झालं तर प्लॅन बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. अशा वेळी शेवटच्या दोन-तीन महिन्यांत डॉक्टर, रुग्णालय, कधी जिल्हाही बदलतो. पुण्यात ठरवलेलं लातूरच्या डॉक्टरांना आपोआप कळत नाही. म्हणून माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि प्लॅन एकाच फाइलमध्ये ठेवा. माहेरच्या डॉक्टरांची पहिली भेट शक्य तितक्या लवकर घ्या आणि त्यांच्याशी तीच चर्चा पुन्हा करा.

ठरवलं एक आणि झालं सिझर, तर?

याच सर्वेक्षणानुसार देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. सरकारी संस्थांत १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के. हा फरक पाहता ‘सिझर का करायचं?’ हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कारण काय, थांबलं तर धोका काय आणि निर्णयाला वेळ किती, हे तीन प्रश्न सोबतीणीनं विचारायचे, असं आधीच ठरवा. मात्र बाळाचे ठोके घसरत असतील किंवा आईचा जीव धोक्यात असेल, तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. सिझर झालं म्हणजे आई कुठे कमी पडली, असं मुळीच नाही.

मैत्रिणींनी काय करावं?

आपल्या बाळंतपणाची भीतीदायक गोष्ट नवव्या महिन्यात सांगू नका. तिनं विचारलं तर काय उपयोगी पडलं ते सांगा. बाळ झाल्यावर ‘नॉर्मल की सिझर?’ याऐवजी ‘तू कशी आहेस?’ असं विचारा. काही लागलं तर सांग, असा मेसेज टाकण्यापेक्षा डबा घेऊन जा आणि तासभर बाळाला सांभाळा, तेवढ्यात ती झोपेल.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे अनेकींना होतं. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल किंवा आधीच ती फार वाढली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटीला सोडू नका आणि लगेच रुग्णालयात न्या. आईला होणारा त्रास अनेकदा आधी लक्षात येतो तो रोज बोलणाऱ्या मैत्रिणीच्या, म्हणून बाळ घरी आल्यावरही तिला फोन करत राहा.