बऱ्हाणपुरात नववीला प्रवेश : ऐकीव गोष्टी आणि खरे नियम

एप्रिल उजाडला की मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांत प्रवेशोत्सव होतो. पहिलीच्या पोरांना टिळा लागतो, हातात फूल येतं, नवी पुस्तकं मिळतात, एखादा पुढारी येऊन फोटो काढून घेतो. नववीच्या पोरांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. वास्तविक इमारत, शिक्षक, सोबती, जाण्यायेण्याचा रस्ता हे सगळं एकदम बदलतं ते नववीत. बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या पुष्कळ खेड्यांत शाळा आठवीलाच संपते आणि हायस्कूलसाठी पोरांना मोठं गाव गाठावं लागतं. शिवाय रावेर, मुक्ताईनगर, जामोदकडून नोकरीसाठी, केळीच्या व्यापारासाठी, यंत्रमागाच्या कामासाठी इकडे येऊन राहिलेली मराठी घरं आहेतच. या सगळ्यांचं शाळेत स्वागत होतं ते बाबूच्या टेबलापाशी, आणि तिथे पोचण्याआधीच नातेवाईक, शेजारी आणि ऑनलाइन सेंटरवाला यांनी त्यांना पुरेसं घाबरवून ठेवलेलं असतं. ‘अमुक कागद नसेल तर जाऊच नका, हेलपाटा पडेल.’ यातलं खरं किती आणि ऐकीव किती?

‘शाळा जूनमध्येच उघडते, तेव्हा बघू’

महाराष्ट्रातून आलेलं घर हमखास इथे फसतं. तिकडे सत्र जूनच्या मध्यावर सुरू होतं. मध्य प्रदेशात ते १ एप्रिलला सुरू होतं, महिनाभर वर्ग भरतात, मग उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि जूनच्या मध्यानंतर शाळा पुन्हा भरते. म्हणजे जूनमध्ये दाखल झालेलं मूल वर्गात उशिरा आलेलं असतं. पण उशीर झाला म्हणजे दार बंद झालं, हाही गैरसमजच. जूनमध्ये प्रवेश होतात. फक्त सरकारी शाळांत नववीच्या मुलांसाठी सुरुवातीला हिंदी, इंग्रजी, गणिताची उजळणी घेणारा ब्रिज कोर्स चालतो, तो बुडू देऊ नये. परक्या माध्यमातून आलेल्या मुलाला खरी गरज त्याचीच असते.

आणखी एक घोळ शाळेच्या पाटीवरून होतो. इथे ‘माध्यमिक शाला’ म्हणजे सहावी ते आठवी. नववी-दहावीचं हायस्कूल, अकरावी-बारावीचं हायर सेकंडरी. माध्यमिकची पाटी बघून नववीच्या मुलाला घेऊन आत गेलात तर मास्तर हसून पुढचा रस्ता दाखवतील.

‘टीसी नाही, तर प्रवेश नाही’

हे अर्धवट खरं आहे. कुठवर खरं, ते कळलं की पुष्कळ हेलपाटे वाचतात.

आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा मुलाच्या पाठीशी उभा आहे. २००९चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या पाचव्या कलमानुसार मुलाला एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचा हक्क आहे, राज्य बदललं तरीही. टीसी यायला उशीर झाला एवढ्यावरून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, लांबवूही शकत नाही. उलट टीसी द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), आणि वर्षाच्या मध्येच आला म्हणूनही नाही (कलम १५). खकनार-नेपानगरकडची जी कोरकू, बारेला घरं मजुरीसाठी महाराष्ट्रात उतरतात आणि हंगाम संपल्यावर परततात, त्यांच्या पोरांसाठी ही तीन कलमं फार मोलाची आहेत. पण कायद्याची ही ओळख नेमकी त्यांनाच कुणी करून देत नाही.

नववीपासून मात्र हे छत्र संपतं. तिथे टीसी आणि आठवीची अंकसूची, म्हणजे आपली गुणपत्रिका, खरोखरच लागते. त्यामुळे महाराष्ट्रातून निघतानाच शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्यावा आणि जुन्या शाळेला एक काम आवर्जून सांगावं: यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंद पोर्टलवरून मुलाचं नाव मोकळं करा. ते तिकडे अडकून राहिलं तर इकडच्या शाळेला ते आपल्या पटावर ओढून घेता येत नाही, आणि मग दोन राज्यांतल्या दोन शाळा एकमेकींकडे बोट दाखवत बसतात. मुलाचा ११ अंकी पेन क्रमांक, म्हणजे कायमचा शिक्षण क्रमांक, लिहून आणला तर हे काम मिनिटांचं आहे.

जन्मदाखल्याबद्दलही अलीकडे एक आवई उठली आहे, की आता त्याशिवाय काहीच चालत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. जन्मदाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा, हा नियम त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी आहे. आज नववीत जाणाऱ्या मुलाचा त्याच्याशी संबंध नाही.

‘आधार नाही, तर काहीच नाही’

सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात स्पष्ट केलं, की शाळेतल्या प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही. अपार या विद्यार्थ्याच्या १२ अंकी ओळख क्रमांकासाठीही पालकांची संमती लागते. ती न देण्याची मुभा आहे.

व्यवहारात इथे ज्याच्यावाचून गाडं अडतं ते आधार नव्हे, समग्र. हे मध्य प्रदेशाचं आपलं खास प्रकरण आहे आणि सीमेपलीकडून आलेल्या माणसानं त्याचं नावही ऐकलेलं नसतं. कुटुंबाचा ८ अंकी आणि प्रत्येक माणसाचा ९ अंकी क्रमांक असतो. शिष्यवृत्ती, सायकल, सगळ्या योजना त्यालाच जोडलेल्या. शहरात नगर निगममध्ये आणि खेड्यात ग्रामपंचायतीत तो काढून मिळतो. घरभाड्याचं ठरलं की लगेच त्याच्या मागे लागावं, शाळेच्या दारात जाऊन ‘समग्र म्हणजे काय हो?’ विचारायची वेळ येऊ देऊ नये.

आईवडिलांच्या जुन्या कागदांवर जिल्हा खंडवा किंवा पूर्व निमाड लिहिलेला असेल तर ते कागद चुकीचे नाहीत. बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला तोच १५ ऑगस्ट २००३ रोजी.

‘नाव काय, नंतर दुरुस्त करता येईल’

असं म्हणून जे सोडून देतात ते दहावीच्या निकालानंतर पस्तावतात. नववीतच भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाकडे मुलाचं नामांकन, म्हणजे नोंदणी, होतं आणि त्यात जे नाव, जी जन्मतारीख जाते तीच पुढे दहावीच्या अंकसूचीवर छापून येते. आता टेबलापाशी काय होतं बघा. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर नाव असतं ‘गणेश सुरेश पाटील’: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. इथल्या अर्जात विद्यार्थ्याचं, वडिलांचं आणि आईचं नाव असे वेगवेगळे रकाने. बाबू हिंदी सवयीनं विद्यार्थ्याच्या रकान्यात लिहितो ‘गणेश पाटिल’. मधलं ‘सुरेश’ गेलं आणि ‘टी’ ऱ्हस्व झाली. आधारवर इंग्रजीत मात्र तिन्ही नावं. आज कुणालाच काही वाटत नाही. चार वर्षांनी पुण्यात इंजिनिअरिंगला अर्ज भरताना तीन कागदांवर तीन गणेश निघतात.

यात बाबूचा दोष नाही, त्याच्या हिंदीत ते तसंच लिहितात. सांगायचं आपणच. एका चिठ्ठीवर देवनागरीत आणि इंग्रजीत, तिन्ही नावं, आईचं नाव आणि जन्मतारीख लिहून न्यावी, आणि नामांकनाच्या अर्जाची छापील प्रत सही करण्यापूर्वी अक्षर न् अक्षर वाचावी.

याच नामांकनामुळे दहावीत किंवा बारावीत मधूनच बोर्ड बदलणं त्रासाचं होतं. बदली टाळता येत नसेल, तर निदान ती नववीच्या किंवा अकरावीच्या तोंडावर यावी असं बघावं.

‘लिपी एकच, हिंदी तर सिनेमातूनच येते’

आणि याच्या उलट टोकाचं : ‘मराठी माध्यमाचं पोर हिंदीत टिकायचं नाही.’ दोन्ही चूक. बोलणं पहिल्या आठवड्यात जमतं. तसंही बऱ्हाणपूरच्या बाजारात निमाडी, खानदेशी, हिंदी, उर्दू एकाच वाक्यात नांदतात. या शहरानं सोळाव्या शतकातल्या आपल्या जामा मशिदीवर अरबीबरोबर संस्कृतही कोरून ठेवलं आहे. अडचण येते ती विज्ञान-गणिताच्या पुस्तकात, आणि तीही जिथे अपेक्षा नसते तिथे.

नवा शब्द असेल तर मूल विचारतं. मूळ संख्येला इथे ‘अभाज्य संख्या’ म्हणतात, अपूर्णांकाला ‘भिन्न’, काटकोनाला ‘समकोण’, वस्तुमानाला ‘द्रव्यमान’. ही यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली की संपलं. घात होतो ओळखीच्या शब्दांनी. मराठी पुस्तकात आम्ल आणि आम्लारीच्या अभिक्रियेतून क्षार तयार होतो, म्हणजे मीठ. हिंदी पुस्तकात ‘क्षार’ म्हणजे पाण्यात विरघळणारी आम्लारी. मिठाला तिथे ‘लवण’. म्हणजे ‘क्षार का उदाहरण दीजिए’ या प्रश्नाला मूल आत्मविश्वासानं सोडियम क्लोराइड लिहून येतं आणि शून्य गुण घेतं. त्याला विज्ञान येत नाही असा शिक्षकांचा ग्रह होतो, आणि मुलाला वाटतं आपल्यावर अन्याय झाला. भूमितीत तसंच : आपला ‘चौरस’ इथे ‘वर्ग’ आहे.

शाळेनं नव्या मुलाचं स्वागत करायचं तर पहिल्या पंधरवड्यात कुणा दोन भाषा जाणणाऱ्या शिक्षकानं त्याच्यासोबत दोन पुस्तकं शेजारी ठेवून अर्धा तास बसावं. टिळ्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

मराठी सोडावीच लागते का? राज्यघटनेचं ३५० अ कलम १९५६च्या सातव्या दुरुस्तीनं आलं आणि त्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकवण्याची सोय करायला राज्याला सांगितलं आहे, पण ते प्राथमिक शिक्षणापुरतं. हायस्कूलमध्ये मराठी माध्यमाचा हक्क त्यातून निघत नाही. मात्र मध्य प्रदेशाच्या मंडळात मराठी ही भाषा विषय म्हणून घेता येते. शाळेत ती शिकवणारं कुणी आहे का, एवढं प्रवेशापूर्वी विचारा. अर्ज भरून झाल्यावर विचारलं तर उत्तर ‘संस्कृत ले लो’ असंच मिळणार.

‘आरटीईची मोफत जागा दहावीपर्यंत’

नाही. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गात, म्हणजे पहिलीत किंवा त्याआधीच्या वर्गात मिळतात. नववीत थेट तशी जागा मागता येत नाही. आणि ज्यांना पहिलीत मिळाली, त्यांचीही सवलत आठवीला संपते. नववीच्या एप्रिलमध्ये पूर्ण फीची पावती हातात आली की घरात जो गोंधळ उडतो तो यामुळेच. सरकारी शाळेतही मध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच असतं. नववीपासून डबा लागतो.

जमेची बाजूही आहे. गावात हायस्कूल नसल्यानं दोन किलोमीटरपेक्षा लांब जावं लागणाऱ्या सरकारी शाळेतल्या नववीच्या मुलामुलींना राज्य सरकारकडून सायकल मिळते. चांगल्या सरकारी शाळेसाठी उत्कृष्ट विद्यालय आणि मॉडेल स्कूल हे पर्याय आहेत. त्यांत नववीला प्रवेशपरीक्षेतून घेतात, आणि ती नवं सत्र उघडण्यापूर्वीच होऊन जाते. जूनमध्ये येऊन तिथे जागा मागणाऱ्याला रिकाम्या हातानं परतावं लागतं, वशिला कितीही असो.

‘तिकडचा जातीचा दाखला इकडे चालेल, जात तर तीच आहे’

सीमेवर हा प्रश्न रोजचा आहे, कारण सोयरिकी दोन्ही बाजूंना. जात तीच असली तरी यादी राज्याची असते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्यांना नव्या राज्यात आरक्षणाचा लाभ आपोआप मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये म्हटलं आणि २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं. त्यामुळे महाराष्ट्राच्या दाखल्यावर मध्य प्रदेशाची शिष्यवृत्ती धरून घरखर्चाचा हिशेब मांडू नये. प्रवेश मात्र यामुळे अडत नाही, आणि शाळेत कुणी तसं सांगितलं तर लेखी मागावं.

‘पुस्तकं, ड्रेस शाळा सांगेल त्याच दुकानातून’

मध्य प्रदेशात खासगी शाळांच्या फीबाबत २०१७ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे पुस्तकं, गणवेश एकाच दुकानातून घ्यायची सक्ती शाळेला करता येत नाही. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे जाते. दुकानदाराशी वाद घालून काही होत नाही, शाळेनं दिलेली चिठ्ठी जपून ठेवा, तीच पुरावा.

‘शाळेच्या कारभारात आपलं कोण ऐकतं?’

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. ही सोय आठवीपर्यंतच्या शाळांची. सरकारी हायस्कूलमध्येही पालकांचा सहभाग असलेली समिती असते. बैठकीचा निरोप बहुतेकदा मुलाच्या हाती कागदावर येतो आणि दप्तरातच राहतो. नव्या घरातल्या आईला वाटतं आपली हिंदी धड नाही, कशाला जायचं. बऱ्हाणपुरात मराठी बोललेलं कळत नाही असा माणूस बैठकीत सापडणं कठीण. तिनं जावं, आणि शौचालयाला पाणी आहे का आणि विज्ञानाचे मास्तर वर्षभर असणार आहेत का, हे दोन प्रश्न मराठीतच विचारावे.